बंद घरं, उघड्या विहिरी

2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 96 हजार 777 होती. 2011 साली ती 16 लाख 15 हजार 69 भरली. दहा वर्षांत 80 हजारांहून अधिक माणसं कमी. राज्यात त्या दशकात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच होते: मुंबई शहर, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी. बिबट्यावरच्या लेखात हे आकडे कशाला, असं कुणीही विचारील. पण रत्नागिरीतला बिबट्या आज ज्या कारणांनी मरतो, ती कारणं शोधत गेलं की वाट या आकड्यांपाशीच येऊन थांबते.

वन्यप्राण्यांवरच्या संकटाची एक ठरलेली गोष्ट आपल्या डोक्यात असते. माणसं वाढली, जंगल तुटलं, जनावर गावात शिरलं. देशात पुष्कळ ठिकाणी ती खरीही आहे. रत्नागिरीत मात्र माणूस मागे सरला, त्यानं सोडलेल्या जागेत झाडोरा माजला आणि त्या झाडोऱ्यातून बिबट्या मागच्या पडवीपर्यंत आला. राहायला आडोसा मिळाला, खायला मिळालं. तरीही जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत 'फासकीत अडकून बिबट्याचा मृत्यू' आणि 'विहिरीत पडलेल्या बिबट्याला जीवदान' हे दोन मथळे आलटून पालटून येतच असतात.

आधी जमिनीचं पाहू. जिल्ह्याचं क्षेत्रफळ 8,208 चौरस किलोमीटर. उपग्रहाच्या छायाचित्रात त्यातला जवळजवळ निम्मा भाग झाडांनी झाकलेला दिसतो, पण त्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन अगदीच किरकोळ. गडचिरोली-चंद्रपुरात जंगल म्हणजे बहुतांशी सरकारी जंगल. इथलं जंगल कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर असतं. खोतीच्या काळापासून मालकी खाजगीच राहिली. पुढे वारस वाढत गेले तशी एकेका उताऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस नावं चढली. त्यातली काही परळ-लालबागला, बरीचशी डोंबिवली-विरारला, एखादं दुबईला. जिल्ह्याच्या पूर्व कडेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा थोडा भाग येतो. तो सोडला तर बिबट्या राहतो तो देवरहाटीत, कलमबागेत, सोडून दिलेल्या चिरेखाणीच्या कडेला, पऱ्ह्याकाठच्या गर्द पट्टीत. म्हणजे लोकांच्याच जमिनीत. त्याचं बरंवाईट ज्यांच्या हातात आहे ते मालक वर्षातून दोनदा गावी येतात, एकदा गणपतीला आणि एकदा शिमग्याला किंवा मे महिन्यात.

भाताचं खाचर तीन-चार पावसाळे पडीक राहिलं की त्यात आधी रानमोडी आणि घाणेरी माजते, मग करवंदीच्या जाळ्या, मग ऐन-किंजळाची रोपं. वरकस जमिनीतली नाचणी आणि वरी तर केव्हाच गेली. गुरं कमी झाल्यामुळे गवत कापायला कुणी जात नाही. या झाडोऱ्याचा पहिला भाडेकरू रानडुक्कर. डुकरीण एका वेताला चार-सहा पिल्लं सहज घालते, आणि ज्या वाडीत पंधरा घरांपैकी चारच उघडी आहेत तिथं त्यांना हाकलणार कोण? पूर्वी शेतात माळा बांधून रात्रभर डबे वाजवणारी पोरं होती. ती आता मुंबईत रात्रपाळीला असतात. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. गावात शेत राखायला कोण उरलंय हे त्या एका आकड्यावरून कळतं. सत्तरीतली आजी, तिच्या दोन शेळ्या आणि आठ-दहा गुंठ्यांचं भात. ते भात डुकरं एका रात्रीत उलथं करून टाकतात. माकडांचा उपद्रव वेगळाच.

इथं फासकी येते. दुचाकीच्या क्लचची किंवा ब्रेकची जुनी तार गॅरेजमध्ये फुकट मिळते. तिच्या एका टोकाला सरकगाठीचा फास करायचा, दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला पक्कं बांधायचं. चिऱ्याच्या गडग्याला जिथं खिंडार पडलंय, किंवा काटेरी वईतून डुकरांनी ये-जा करून वाट पाडली आहे, तिथं डुकराच्या डोक्याच्या उंचीवर तो फास अडकवायचा आणि दोन डहाळ्यांनी झाकायचा. खर्च नाही, आवाज नाही, जागरण नाही. राखणीला माणूस नाही अशा शेताला हा सगळ्यात स्वस्त राखणदार. मांसासाठी फासकी लावणारेही आहेत, आणि त्यांची कीव करण्याचं कारण नाही. पण दोघांचीही तार एकच, आणि डुकराच्या मागोमाग त्याच खिंडारातून बिबट्याही जातो.

बिबट्याचं डोकं आणि पुढचे पाय पुष्कळदा फासातून पार होतात आणि तार कमरेत बसते. तो पुढे झेप घेतो, तार आवळते. उलटा फिरतो, आणखी आवळते. रात्री अकराला अडकलेलं जनावर सकाळी सातला काजू गोळा करायला आलेल्या कुणाला तरी दिसतं. तोवर कातडी कापली जाते, स्नायू फाटतात, पोटातल्या अवयवांना मार बसतो. बाहेरून न दिसणारा धोका याहून वाईट. जिवाच्या आकांतानं तासन्तास झटापट केल्यामुळे स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतलं द्रव्य रक्तातून मूत्रपिंडांत जातं आणि ती निकामी होतात. त्यामुळे बिबट्याला सोडवलं, तो आपल्या पायांनी पिंजऱ्यात गेला, टाळ्या पडल्या, आणि चार दिवसांनी तो मेला, असं होऊ शकतं. चौथ्या दिवसाची बातमी आतल्या पानात छोट्या चौकटीत येते, आलीच तर.

कायदा कडक आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत आहे. त्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षं कैद, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25 हजार रुपये दंड. 'फासकी डुकरासाठी लावली होती' हे सांगून सुटका होत नाही, कारण डुकराला फास लावणं हाही गुन्हाच. पण गुन्हेगार सापडायचा कसा? जमिनीचे मालक तीस, त्यातला एकही गावात नाही, आणि तारेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. पिकाची नासाडी करणारी डुकरं मारायची परवानगी देण्याची सोय राज्य सरकारनं केलेली आहे. त्यासाठी वनक्षेत्रपालांकडे अर्ज करायचा, पाहणी व्हायची, मग परवान्याची बंदूक असलेला माणूस शोधायचा. हे सगळं त्या आजीनं करावं, ही अपेक्षा कागदावर शोभून दिसते. फासकीचा धाक वाढला की लोक गावठी बॉम्ब नाहीतर विजेच्या तारांकडे वळतात. त्यात डुकराबरोबर कुत्री, गुरं आणि कधी माणसंही जातात.

विहिरींची कथा याच्या शेजारचीच. जांभा फोडून खोदलेली कोकणातली जुनी विहीर बऱ्याचदा जमिनीच्या पातळीला असते, कठडा नाही. पूर्वी दिवसभर त्यावर पाणी शेंदणारी माणसं असायची, भोवतीची जागा पायांनीच साफ राहायची. नळपाणी योजना आली, माणसं गेली, आणि विहिरीच्या तोंडावर रानमोडी वाढली. अंधारात कुत्र्याच्या किंवा डुकराच्या मागे धावणाऱ्या बिबट्याला ती दिसत नाही. बिबट्या उत्तम पोहतो, झाडावर चढण्यात तर त्याचा हात धरणारं जनावर नाही. पण ताशीव जांभ्याच्या ओल्या भिंतीवर त्याची नखं टिकत नाहीत. एखादी कपार मिळाली किंवा मोटारीचा पाइप हाताशी आला तर रात्रभर तग धरतो, नाहीतर दमून बुडतो.

पाण्यात असताना त्याला भूल देत नाहीत, गुंगीत तो बुडेल म्हणून. आधी लाकडी फळी किंवा बाज दोरांनी खाली सोडतात, तो तिच्यावर बसतो. मग दार उघडं ठेवलेला पिंजरा उतरवतात. याहून सोपा उपाय म्हणजे लांब शिडी किंवा ओंडका तिरका सोडायचा, सगळ्यांनी तिथून निघून जायचं आणि दिवे मालवायचे. रात्रीत बिबट्या आपणहून वर चढून चालता होतो. या उपायात अडचण एकच. वाडीत एरवी दहा माणसं दिसत नाहीत, पण बिबट्या पडला म्हटल्यावर मोबाइल वर धरून दोनशे उभी राहतात आणि ती हटत नाहीत. वनरक्षकाचे निम्मे श्रम बिबट्याला वर काढण्यात जातात आणि निम्मे बघ्यांना मागे लोटण्यात.

एवढ्या माणसाळलेल्या मुलखात हा प्राणी जगतो कशावर, याचं उत्तर घाटावर मिळालं. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ऊस आणि भाजीपाल्याच्या त्या खोऱ्यात 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे निघाले, जवळपास तेवढेच तरस. जंगल नाही, हरणं नाहीत. विष्ठा तपासल्यावर कळलं की त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, वजनाच्या हिशेबानं 39 टक्के. एवढं शेजारपण असूनही तिथं बिबट्यानं माणूस मारल्याची नोंद नव्हती.

रत्नागिरीत उसाचे फड नाहीत, पण कुत्र्यांना तोटा नाही. नाक्यानाक्यावर चिकन सेंटर झाली आहेत. संध्याकाळी दुकान बंद करताना पिसं, आतडी, मुंड्या पिशवीत बांधून पऱ्ह्यात किंवा घाटीच्या वळणावर भिरकावल्या जातात. त्यावर कुत्री पोसतात आणि कुत्र्यांवर बिबट्या. हापूसच्या बागांतून राखणीला राहिलेली नेपाळी कुटुंबं सोबतीला कुत्री पाळतात. ती बागेतल्या खोपटाबाहेर बांधलेली असतात. सकाळी नुसतीच साखळी दिसली, हा अनुभव बागेबागेत ऐकायला मिळतो.

माणसाच्या कचऱ्यावर मोठं जनावर पोसलं गेलं की काय होतं, हे अमेरिकेनं ग्रिझली अस्वलाच्या बाबतीत पाहिलं आहे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हॉटेलांचं खरकटं कित्येक वर्षं उघड्या उकिरड्यांवर पडत असे. तिथं अस्वलं जमायची आणि ती बघायला पर्यटक जमायचे. 1970 च्या सुमारास हे उकिरडे बंद करायचं ठरलं. अस्वलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेले फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे भाऊ सांगत होते, की सावकाश बंद करा, त्यांना सवय बदलायला वेळ द्या. ते ऐकलं गेलं नाही. खाणं तुटलेली अस्वलं तंबूंमध्ये आणि वस्त्यांत शिरू लागली आणि मोठ्या संख्येनं मारली गेली. 1975 मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा अलास्का वगळता अमेरिकेत हजाराहून कमी ग्रिझली उरली होती. गोऱ्यांची वस्ती पश्चिमेकडे सरकण्याआधी तिथं सुमारे 50 हजार असावीत असा अंदाज आहे. पन्नास वर्षं जपल्यावर आज ती 2 हजारांच्या आसपास आली आहेत. एवढा वेळ लागण्याचं कारण त्यांच्या शरीरातच आहे. ग्रिझलीची मादी पाच-सहा वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते आणि दोन वेतांत साधारण तीन वर्षं जातात. एक मादी रस्त्यावर मेली तर ती जागा भरायला दशक लागतं.

बिबट्याचं तसं नाही. मादी अडीच-तीन वर्षांत वयात येते, तीन-सव्वातीन महिन्यांच्या गर्भारपणानंतर दोन-तीन पिल्लं देते, ती दीड-दोन वर्षांत स्वतंत्र होतात. तो घुशीपासून वासरापर्यंत काहीही खातो. ग्रिझलीला माणसाचा वावर नसलेला विस्तीर्ण मुलूख हवा असतो, बिबट्याला करवंदीची एक जाळी पुरते. त्यामुळे तो टिकून आहे, आणि माझ्या मते त्याच कारणानं त्याच्या मरणाचा हिशेब कुणी ठेवत नाही. 2022 च्या देशव्यापी अंदाजात भारतात 13,874 बिबटे धरले गेले, महाराष्ट्रात 1,985. 2018 मध्ये राज्याचा आकडा 1,690 होता. म्हणजे वाढ. पण ही मोजणी जंगलांपुरती असते. बागा आणि शेतं तिच्या चौकटीत येत नाहीत, आणि रत्नागिरीचा बिबट्या बराचसा तिथंच राहतो. इथं किती जन्मले आणि किती तारेत मेले, त्या आकड्यांवरून सांगता येणार नाही.

दरम्यान गावाची मागणी एकच असते: पिंजरा लावा आणि घेऊन जा. ही मागणी करणाऱ्यांना हसू नये. मध्यंतरी पावस-मेर्वी भागात बिबट्यानं दुचाकीस्वारांवर झेप घेतल्याच्या घटना घडल्या, तेव्हा अंधार पडल्यावर लोक घराबाहेर निघेनासे झाले. रात्रीच्या बसनं उतरून पाखाडी चढत एकट्यानं घरी जायचं असेल तर आकडेवारी कामाला येत नाही. पण पकडून दूर सोडण्याचा प्रयोग महाराष्ट्रात करून झालेला आहे. जुन्नरला 2001 पासून उसातले बिबटे धरून लांबच्या जंगलांत सोडण्याचा सपाटा लावला गेला. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते, ते 17 वर गेले. ओळखीचा परिसर सुटलेला, वाट शोधणारा, पकडताना जखमी झालेला बिबट्या कुठल्याही गावाला धोक्याचाच. इकडे रिकाम्या झालेल्या हद्दीत महिन्या-दोन महिन्यांत दुसरा, बहुधा तरणा आणि अननुभवी नर येऊन बसतो. 2011 मध्ये केंद्र सरकारनं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत असं सरसकट स्थलांतर टाळायला सांगितलं, ते उगाच नव्हे.

'आजोबा' नावाचा बिबट्या तर सिनेमात पोचला. 2009 मध्ये तो टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडला, गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. तिथून तो चालत, रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडत, वसईची खाडी पोहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आला. वाटेत सव्वाशे किलोमीटरमध्ये किती वस्त्या लागल्या असतील, आणि एकाही माणसाला त्यानं ओरबाडलं नाही. 2011 च्या डिसेंबरमध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनानं त्याला उडवलं. रत्नागिरीतून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग आता चौपदरी होतो आहे. मधला दुभाजक आणि दोन्ही बाजूंच्या गाड्यांचा वेग यांच्यामध्ये अडकलेलं जनावर पुढेही जाऊ शकत नाही आणि मागेही. प्राण्यांसाठी खालून वाटा किती आणि कुठे ठेवल्या, हा प्रश्न काँक्रीट पडण्याआधी विचारायचा असतो.

2025 मध्ये जुन्नर-शिरूर पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लहान मुलं गेली, आणि चर्चा नसबंदीपर्यंत पोचली. तिथला राग समजण्यासारखा आहे. पण तिथले उपाय जसेच्या तसे कोकणात आणण्यात अर्थ नाही. तिथं दाट वस्ती, बारमाही पाणी आणि मैलोन्मैल ऊस आहे. इथं झाडोऱ्यानं गिळलेली खाचरं आणि माणसांनी सोडलेल्या वाड्या आहेत. इथल्या उपायांना फार पैसा लागत नाही, फक्त गावात कुणीतरी असावं लागतं. शेळ्यांचा गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही बंद हवा, नुसता कुडाचा आडोसा बिबट्याला थांबवत नाही. घराभोवतीची वीस-पंचवीस फुटांची जागा साफ हवी. चिकनच्या दुकानांचा कचरा पुरण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीनं अंगावर घ्यायला हवी. डुकरांनी केलेल्या नासाडीची भरपाई पुढच्या पेरणीच्या आत हातात पडायला हवी. ती वेळेवर मिळाली तर निदान शेतकऱ्याची फासकी तरी कमी होईल. शिकाऱ्याच्या फासकीला पोलीस आणि वनखातंच हवं.

हा लेख वाचणाऱ्यांत गावी घर आणि सातबाऱ्यावर नाव असलेले पुष्कळ असतील. या मे महिन्यात गेलात की आपल्या जमिनीतली जुनी विहीर शोधा. भोवतीचं रान काढा, जांभ्याचे तीन-चार थर चढवून कठडा करून घ्या आणि तोंडावर जाळी टाका. भावकीतल्या कुणाची सही लागेल म्हणून थांबू नका, कठड्याला सही लागत नाही. आणि गडग्याच्या खिंडारात तार दिसली, तर कुणी लावली याची चौकशी करत बसण्याआधी वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.